मैफल फुकट पडत नाही

मी तबला वाजवतो. मिरजेत राहतो आणि सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, बेळगाव या पट्ट्यात गायकांच्या साथीला जातो. दिवाळीत मला उसंत नसते. चौकाचौकात ‘दिवाळी पहाट’ असते. फलकावर इच्छुक नगरसेवकाचा फोटो गायकाच्या फोटोपेक्षा मोठा असतो आणि खाली ठळक अक्षरांत ‘प्रवेश विनामूल्य’. वर फराळही. खुर्च्या कमी पडतात, अभंगाला टाळ्या पडतात आणि पाकीटही वेळेवर मिळतं. तरी माझं स्पष्ट मत आहे की, आमच्या भागातल्या मैफलींचा गळा या फुकटच्या सवयीनेच आवळला आहे.

दिवाळी सरली की गावातलं एखादं छोटं संगीत मंडळ मासिक बैठक ठरवतं. तिकीट दीडशे रुपये. पहाटे पुढच्या रांगेत बसून मान डोलावणारे काका फोन करतात, “पास आहेत का हो?” नाहीत म्हटलं, की त्यांना त्या दिवशी नेमकं लग्न निघतं.

हिशेब साधा आहे. शंभर माणसं आली तर गल्ल्यात पंधरा हजार. त्यातून सभागृहाचं भाडं, साउंडवाला, गायक, तबला, पेटी, बाहेरगावच्या कलाकाराचा प्रवास आणि जेवण. भाडं आगाऊ गेलेलं असतं. साउंडवाला पैसे हातात पडल्याशिवाय वायर गुंडाळत नाही आणि गायकाची बिदागी आधीच ठरलेली. उरतो साथीदार. त्याला “पुढच्या वेळी बघू” ऐकायला मिळतं. तबल्याची पुडी बदलायची तर कारागीर मात्र पुढच्या वेळेवर थांबत नाही. म्हणून चांगला हात असलेली पोरं पुण्याला जातात, नाहीतर शिकवण्या धरतात. मग इथल्या गायकाला साथ बाहेरून बोलवावी लागते आणि खर्च आणखी वाढतो.

यावर कुणी म्हणेल, मिरजेच्या माणसानं हे बोलावं? दर्ग्याच्या उरुसातली मैफल तर सगळ्यांना खुली असते! असते, आणि तशीच राहावी. थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले आणि मिरजेत दर्ग्याच्या आवारात त्यांचा दफनविधी झाला. तिथं गाणारे-वाजवणारे हजेरी लावायला येतात. देणारा स्वतः कलाकार असतो आणि तो आपल्या मर्जीनं देतो. चौकात देणारा दुसराच असतो आणि त्याला बदल्यात मतं हवी असतात. निवडणूक झाली की तो मांडव पुढच्या वर्षी दिसेलच असं नाही.

कारणं दुसरीही सांगितली जातात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळे उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. मालकंस-दरबारीची वेळ होते तेव्हा आम्ही सामान बांधत असतो, हे खरंच आहे. पण बंदिस्त सभागृहांना या नियमात सूट आहे आणि रिकाम्या खुर्च्या तिथंच दिसतात. करही आडवा येत नाही, कारण ५०० रुपयांपर्यंतच्या मैफलीच्या तिकिटावर जीएसटी नाही.

८ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. शाहू महाराजांच्या काळातली ती वास्तू. लोक रस्त्यावर उभे राहून रडले आणि ते दुःख खरं होतं. पण भिंती उभ्या होत्या तेव्हा तिकीट काढून गाणं ऐकायला त्यातले किती जण आत येत होते, हेही विचारलं पाहिजे. ज्यांचं नाव त्या वास्तूला आहे त्या केशवरावांनी आणि बालगंधर्वांनी १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ केला, तोही तिकीट लावूनच. देशकार्यासाठीचा प्रयोग म्हणून कुणी पास मागितल्याचं ऐकिवात नाही.

दिवाळी पहाट बंद करा, असं मी म्हणत नाही. माझी चूलही तिच्यावर पेटते. पण आयोजकांनी पन्नास रुपयांचं का होईना, तिकीट लावावं आणि जमा होणारी रक्कम गावातल्या एखाद्या संगीत मंडळाला वर्षभराच्या बैठकांसाठी द्यावी. पालिकांनी महिन्यातला एक दिवस तरी अशा बैठकांना सभागृह कमी भाड्यात द्यावं. मंडळांनी साथीदाराचं मानधन गायकाच्या बिदागीसोबतच आधी ठरवावं.

आणि वाचकहो, तुमच्या गावात या महिन्यात एखादी बैठक नक्की असेल. पास मागू नका. तिकीट काढा, आणि जमलं तर घरातल्या एका पोराचंही काढा.