सायलेन्सरला पट्टी गुंडाळण्याआधी

बुलेटच्या किंवा एखाद्या जुन्या जिप्सीच्या इंजिनातून निघणाऱ्या पाईपला काळी नाहीतर तपकिरी पट्टी गुंडाळलेली तुम्ही पाहिली असेल. गॅरेजमध्ये तिला नुसतं ‘रॅप’ म्हणतात. दिसते झकास, आणि दुकानदार सांगतो की पिकअप वाढतो, इंजिन थंड राहतं. माझं सरळ सांगणं आहे : रोजच्या वापराच्या गाडीला ही पट्टी गुंडाळू नका. का, ते ऐकून घ्या. पुढे गाडी तुमची, पैसा तुमचा.

पट्टीचा फायदा खोटा नाही. इंजिनाला जोर लागला की हेडमधून बाहेर पडणारा वायू ८०० अंश सेल्सिअसच्या घरात जातो. पट्टी ही उष्णता पाईपच्या आत कोंडते. गरम वायू विरळ राहतो आणि वेगाने निघून जातो. कारमध्ये बोनेटखालचा ताप कमी होतो. इंजिनाने ओढलेली हवा १० अंशांनी थंड मिळाली, तर ती साधारण ३ टक्के दाट असते, म्हणजे तेवढा प्राणवायू जास्त. टर्बोलाही गरम वायू मानवतो. त्यामुळे शर्यतीच्या गाड्यांना पट्टी शोभते. पण त्या गाड्या शर्यत संपली की खोलतात, तपासतात, चिरलेला पाईप काढून नवा लावतात. आपण सायलेन्सरकडे पाहतो ते तो फाटून आवाज करायला लागल्यावर.

आणि मोटारसायकलला बोनेट आहे कुठे? पाईप उघड्यावर, वाऱ्यात. तिथे पट्टीने आत जाणाऱ्या हवेत फारसा फरक पडत नाही, म्हणून पिकअपची गोष्ट बहुतेक मनातच राहते. इंजिनही थंड होत नाही. हेडपासून निघणारा वाकडा बेंड पाईप वाऱ्याला देत होता ती उष्णता आता तिथेच अडते. दुचाकीला खरा लाभ एकच, पोटरीला लागणारी धग कमी होते. तोही अर्धामुर्धा, कारण लांबच्या रस्त्यावर पट्टीसुद्धा चटका देण्याइतकी तापते. आरएक्स-१०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीवाल्यांनी तर आणखी सांभाळावं. तिचा पाईप आवाजाच्या लाटांच्या हिशेबाने बेतलेला असतो. आतला वायू जास्त तापला की लाटा जलद धावतात आणि जोर मिळण्याची जागा वरच्या आरपीएमकडे सरकते. शहरात चालवायला ती उलट मंद वाटू शकते.

आता मुख्य मुद्दा, आपला पाऊस. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं, वर समुद्राची खारी हवा. पट्टी पाणी पिते आणि धरून ठेवते. गाडी लांब चालली तर ते वाफ होऊन जातं. पण घर ते स्टेशन आणि स्टेशन ते घर एवढीच धाव असेल तर पाईपला ओलं पोतं गुंडाळून ठेवल्यासारखं होतं. वॉशिंग सेंटरवरचा फवाराही तेच करतो. दुसरीकडे कोंडलेल्या उष्णतेने धातू नेहमीपेक्षा जास्त तापतो. साधं लोखंड ५५० अंशांच्या पुढे झपाट्याने पापुद्रे धरतं. आतून ताप आणि बाहेरून ओल, अशा दुहेरी माराने पाईप पातळ होत जातो, वेल्डिंगच्या जोडावर चीर पडते. हे सगळं पट्टीखाली झाकलेलं. क्रोमचा बेंड असेल तर चकाकी गेलीच म्हणून समजा. असे पाईप, म्हणजे हेडर, बनवणारे अनेक जण पट्टी गुंडाळली की वॉरंटी नाकारतात, ते उगाच नाही.

नवीन कारवाल्यांना तर हा विषयच सोडून द्या असं सांगेन. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर बहुतेक पेट्रोल गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इंजिनाला अगदी खेटून बसवलेला असतो, शेजारी ऑक्सिजन सेन्सर. कंपनीने ताप किती, झाकण कुठे, याचा हिशेब केलेला आहे. त्यावर आपली पट्टी चढवून सेन्सर आणि कन्व्हर्टर भाजून काढायचे, आणि मग त्यांची किंमत ऐकून खुर्चीत बसायचं, यात शहाणपण नाही.

गाडी खरोखर फार तापते का? मग आधी कारण शोधा. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल कमी सुटत असेल, इग्निशनचं टायमिंग मागे गेलं असेल, हेडजवळचं पॅकिंग लीक असेल, तर पाईप जादा तापून निळसर पडतो. पट्टी लावलीत की हा इशाराच दिसेनासा होतो. पायाला चटका बसत असेल तर जाळीचं किंवा पत्र्याचं हीट शील्ड लावा. पाईप आणि पत्रा यांमधून हवा खेळते, पाणी साठत नाही. जास्त खर्चाची तयारी असेल तर पाईपला सिरॅमिक कोटिंग करून घ्या.

एवढं ऐकूनही लावायचीच असेल, तर पाईप स्टेनलेस स्टीलचा हवा. ‘टायटॅनियम’ नावाला भुलून दुप्पट पैसे मोजू नका. त्या पट्टीत बहुधा टायटॅनियम धातू नसतो, दगड वितळवून काढलेला बेसाल्टचा धागा असतो, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच जातभाई. आधी ऑइल गळती पूर्ण बंद करा, कारण तेल प्यायलेली पट्टी तापल्या पाईपवर पेट घेऊ शकते. पट्टी स्टीलच्या क्लिपांनी बांधा, प्लास्टिकच्या टायने नको. पहिल्या एकदोन फेऱ्यांत धूर निघतो, तो पट्टीतल्या चिकट लेपाचा; घाबरू नका, पण बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. पावसाळ्याच्या तोंडावर ती उतरवून ठेवा आणि पाईप हाताने चाचपून बघा. उतरवताना हातमोजे आणि मास्क घाला. फायबरग्लासच्या जुन्या पट्टीचा भुगा अंगाला फार खाजतो, श्वासातही जातो. पट्टी झटकू नका, थोडी ओली करून थेट पिशवीत भरा, आणि त्या वेळी मुलांना जवळ उभं करू नका.