अण्णांचे पेन, माझी शिरोरेखा

या सदराचा मागचा मजकूर घेऊन कार्यालयात गेलो, तेव्हा टायपिंग करणाऱ्या मुलीने पहिलेच पान दोनदा उजेडाकडे धरून पाहिले. "सर, अक्षरांच्या डोक्यावरच्या रेघा का तुटल्यात? पेनातली शाई संपलीय काय?" मी म्हटले, शाई भरपूर आहे, पेनही लाखाचे आहे. ती हसली. सर थट्टा करायलेत असेच तिला वाटले असणार.

थट्टा नव्हती. पेन मोंब्लाँ कंपनीचे, 'माइस्टरश्टुक १४९'. आज नवे घ्यायचे तर लाखाच्या घरात जाते. प्राध्यापकाच्या खिशाला हे कसे परवडले असा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल, म्हणून आधीच सांगतो की ते आमचे नाही. म्हणजे आता आमच्या घरी आहे, पण आहे अण्णांचे.

अण्णा म्हणजे आमच्या सौ.चे थोरले भाऊ. घर धारवाडचे, नोकरी बेंगळुरूला एका कारखान्यात इंजिनिअरची. १९९६ साली कंपनीने त्यांना चार महिने जर्मनीला प्रशिक्षणासाठी पाठवले. बरोबरच्यांनी येताना कॅमेरे आणले, सेंटच्या बाटल्या आणल्या. अण्णांनी जेवणाच्या भत्त्यातून पैसे वाचवून हे एक पेन आणले. सासूबाई पुढे कितीतरी वर्षे ऐकवत होत्या की तेवढ्यात दोन तोळ्यांच्या पाटल्या झाल्या असत्या. हिशेब त्यांचा चूक नव्हता.

पण अण्णांनी ते पेन कपाटात ठेवले नाही. रोजच्या कामाला वापरले. घरखर्चाची वही, कारखान्यातली टिपणे, आणि महिन्याला एक पत्र बहिणीला. मलाही लिहीत. गंमत अशी की बहिणीला कन्नडमध्ये कन्नड लिपीत, आणि मला मराठीत, पण तेही कन्नड लिपीत! मराठी त्यांना आमच्याइतकीच यायची, पण शाळा सगळी कन्नड झालेली, त्यामुळे हाताला बाळबोध वळण कधी लागले नाही. 'कसे आहात' हे कन्नड अक्षरांत वाचताना आधी डोळे अडखळतात आणि मग कान मदतीला येतो. तुमच्यापैकी अनेकांच्या ट्रंकेत अशी पत्रे असतील.

मागच्या वर्षी अण्णा गेले. त्यांना मूलबाळ नव्हते. वहिनींनी पेन बहिणीच्या हातात दिले आणि ते आमच्याकडे आले. सहा महिने ते देवघराच्या खणात होते. दसऱ्याला पाटीपूजनात त्याला हळदकुंकू लागले. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "इट्टु पूजा माडब्याड्री, बरीरी." तेव्हा कुठे मी ते लिहायला घेतले.

आता पेनाविषयी. पहिली गोष्ट म्हणजे ते जाड आहे. आपल्या बोटांना बॉलपेनची सवय, त्यापुढे हे चक्क विडीच्या बंडलासारखे वाटते. वजन बत्तीस ग्रॅमच्या आसपास. टोपण मागे खोचले तर तोल मागे जातो, म्हणून मी ते टेबलावर काढून ठेवतो. टोपणाला आटे आहेत, फिरवून उघडावे लागते. स्टाफरूममध्ये कोणी मस्टर पुढे केले आणि "सर, पटकन सही" म्हटले, तर हे पेन कामाचे नाही. पटकन हा शब्द त्याला मानवतच नाही.

अंग काळे कुळकुळीत, पण भर उन्हात आडवे धरले तर काळ्याच्या आतून लालसर झाक दिसते. टोपणाच्या डोक्यावर पांढरी, गोलसर सहा टोकांची खूण आहे. ते मों ब्लाँ पर्वताचे बर्फाच्छादित शिखर. निबेवर ४८१० असा आकडा कोरला आहे, ती त्याच शिखराची मीटरमधली उंची. शिखराच्या माथ्यावरचे बर्फ कमीजास्त होत असते. २०२३ साली फ्रेंच मोजणीदारांनी उंची मोजली ती ४८०५.५९ मीटर भरली. पर्वत साडेचार मीटरने खाली आला, निब मात्र आपल्या आकड्यावर कायम आहे.

माइस्टरश्टुक या जर्मन शब्दाचा अर्थ उस्तादाची सर्वोत्तम कृती. या नावाने पेने निघू लागली १९२४ साली. आपल्या बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले तेच वर्ष. १४९ हा नमुना १९५२चा. हा आकडाही उगाच नाही. १ म्हणजे सर्वांत वरची प्रत, ४ म्हणजे दट्ट्याने शाई ओढण्याची रचना, ९ म्हणजे निबेचा आकार. निब दौतीत बुडवायची, पेनाची शेपटी उलटी फिरवायची, की आतला दट्ट्या खाली येतो. सुलटी फिरवली की शाई वर चढते. ड्रॉपर नको, रिफिल नको. लहानपणी चेलपार्कच्या दौतीतून ड्रॉपरने शाई भरताना बोटे आणि सदरा दोन्ही निळे व्हायचे. इथे फक्त निब पुसायला चिंधी लागते. मला विचाराल तर या पेनातली सर्वांत सुंदर गोष्ट सोने नव्हे, हा दट्ट्या आहे. जवळजवळ तीस वर्षांनी आजही तो तुपातून फिरावा तसा फिरतो.

गांधीजींचे नाव निघालेच आहे तर एक विषयांतर. २००९ साली याच कंपनीने गांधीजींच्या नावाने खास पेन काढले. दांडीयात्रा २४१ मैलांची म्हणून पेनेही २४१. अंगावर चातीवरच्या सुतासारखी सोन्याची तार गुंडाळलेली, आणि किंमत अकरा लाखांच्या पुढे! पंचावाल्या माणसाच्या नावावर एवढे सोने लोकांना रुचले नाही. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेले आणि २०१० साली कंपनीने विक्री थांबवली. याच गांधीजींनी १९३५ साली राजमहेंद्रीच्या रत्नम यांच्या हातघडणीच्या स्वदेशी पेनाला पत्र लिहून दाद दिली होती. असो.

आता लिहिण्याविषयी. निब अठरा कॅरट सोन्याची, म्हणून तिच्यावर ७५० हा शिक्का. सोने मऊ, ते कागदावर दोन दिवसांत झिजेल, म्हणून टोकाला कठीण धातूचा बारीक मणी जोडलेला असतो. इरिडियम म्हणतात ते हेच. शाई सढळ येते. कॉलेजच्या उत्तरपत्रिकेच्या कागदावर ती फुटते आणि पाठीमागे उमटते. चांगल्या कागदावर मात्र ओल्या रेघेची चमक क्षणभर टिकते आणि मग शांतपणे विझते, ते पाहण्यासारखे असते.

हे सगळे खरे, तरी पहिल्या दिवशी मी निराश झालो. अक्षर उमटायचे, पण शब्द संपवून वर शिरोरेखा ओढायला गेलो की निब खरखरायची आणि रेघ मध्येच कोरडी पडायची. 'महाराष्ट्र' लिहिले तर 'महा'च्या डोक्यावर छप्पर आणि 'राष्ट्र' उघड्यावर. शाई बदलली, कोमट पाण्याने निब धुतली, कागद बदलला. काही उपयोग नाही. लाखाचे पेन आणि वीस रुपयांच्या पेनाचे काम होईना.

तेवढ्यात सौ. वाणसामानाची यादी करायला बसली होती. हाताशी दुसरे काही नव्हते म्हणून तिने हेच पेन उचलले. ती यादी नेहमी कन्नडमध्ये करते. अक्की, ब्याळी, बेल्ला. एक अक्षर तुटले नाही. 'बेल्ला'ची वळणे पेनाने अशी घेतली की जणू त्याला पुढचा रस्ता ठाऊक होता.

मी लगेच मनात प्रमेय मांडले. कन्नड अक्षर गोल. ताडपत्रावर लोखंडी कंठाने सरळ आडवी रेघ ओढली तर पान तंतूच्या रेषेत फाटते, म्हणून दक्षिणेकडच्या लिप्या गोल झाल्या असे सांगतात. आपले बाळबोध बोरूने कागदावर लिहिले गेले, त्याला आडव्या रेघेचे भय नव्हते. कन्नडलाही डोक्यावर तलकट्टु असतो, पण तो प्रत्येक अक्षरापुरता. आपली शिरोरेखा अख्ख्या शब्दावरून एका दमात जाते. तेव्हा पेन कन्नडधार्जिणे आहे असा माझा निष्कर्ष! सीमाभागात राहून असे निष्कर्ष काढायला वेळ लागत नाही. सौ.ने एवढेच म्हटले, "अहो, मला द्या, मी मराठी लिहून दाखवते." तिने स्वतःचे नाव बाळबोधीत लिहिले, वर रेघ ओढली. अखंड!

प्रमेय तिथेच मोडले. पेन घेऊन खडे बाजारच्या बाजूला घड्याळे आणि पेने दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. आता पेनाचे काम महिन्यातून एखादे येते म्हणाला. त्याने डोळ्याला भिंग लावून निब पाहिली, मला चार ओळी लिहायला लावल्या आणि माझ्या हाताकडे पाहत म्हणाला, "सर, हे पेन तुमचं न्हवं."

मी चपापलो. त्याने समजावून सांगितले. मणी कितीही कठीण असला तरी वीस-पंचवीस वर्षे रोज कागदावर घासला की एका बाजूने किंचित सपाट होतो. या पेनाचा मालक ते खूप आडवे धरायचा आणि डावीकडे जरासे कलते. त्याच कोनात सपाट बाजू कागदावर पुरी टेकते. मी धरतो उभे आणि सरळ. मग त्या सपाटीची कड कागदाला लागते, निबेची चीर उचलली जाते आणि शाई तुटते. सौ. आणि अण्णा दोघांनाही अक्षर गिरवायला माझ्या सासऱ्यांनीच शिकवले होते. दोघांची पेन धरण्याची पद्धत एकच.

"घासून देतो," कारागीर म्हणाला. "बारीक कागदावर दहा मिन्टं. मग तुमच्या हाताला लोण्यासारखं चालंल."

खोटे कशाला बोलू, मला मोह झाला. कागदपत्रांवर, उत्तरपत्रिकांवर, या सदरासाठी असे पेन वापरायला कोणाला आवडणार नाही? दुसऱ्या दिवशी देतो असे सांगून घरी आलो. सौ.ला सांगितले. ती कणीक मळत होती. वर न पाहताच म्हणाली, "घासून काय काढणार? अण्णाचं वळणच ना?"

त्या रात्री मी अण्णांची पत्रे काढली. एक पत्र समोर ठेवले आणि हातातले पेन हळूहळू आडवे केले, मग डावीकडे कलते. मनगट अवघडले. एका विशिष्ट जागी खरखर थांबली. त्या कोनात मी 'अण्णा' लिहिले, वर रेघ ओढली, ती पुरी उमटली. दुसऱ्या ओळीला हात आपल्या सवयीवर गेला आणि पुन्हा तुटली.

कारागिराकडे गेलो नाही. पंचेचाळीस वर्षांच्या हाताला नवी सवय लागायला वेळ लागतो. सध्या एका पानात चार-पाच ठिकाणी छप्पर उडते, टायपिंगवाल्या मुलीने तेवढे सांभाळून घ्यावे. लाख रुपयांचे म्हणाल तर निव्वळ लिहिण्यासाठी कोणी नवे घ्यावे असे मी सांगणार नाही. शाळेतल्या मुलाला देऊ नये, आणि परीक्षेच्या तीन तासांत तर नाहीच.

पेनाचा मुक्काम आता देवघरातून सौ.च्या टेबलाच्या खणात हलला आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती वहिनींना बेंगळुरूला पत्र लिहिते. ते झाले की पेन माझ्याकडे येते, बहुधा अर्धी शाई संपवून.