आकडी येते म्हणून सायकल कायमची बंद?

एखाद्या मुलाला फिट आली की डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबर घरातही एक यादी तयार होते. पोहायला नको, सहलीला नको, गच्चीवर नको, सायकल तर नकोच नको. मुलगी असेल तर यादी आणखी लांब. यातल्या काही गोष्टींना कारण आहे. पण 'सायकल कायमची बंद' हा निर्णय बहुतेक घरांत डॉक्टरांना न विचारताच होतो, आणि तो मला मान्य नाही.

आमच्या सानपाडा, नेरूळ, बेलापूर भागात रविवारी पहाटे तरुण मुले जाड टायरच्या, गिअरच्या सायकली घेऊन निघतात. कुणी पारसिक हिल चढतो, कुणी खारघरच्या डोंगराकडे जातो. आपल्या वस्तीतली मुलेही त्यात आहेत, आणि अपस्माराची गोळी घेणारीही आहेत. त्यांचा प्रश्न एकच असतो : "सिस्टर, मी जाऊ का?"

आधी आजार समजून घेऊ. अपस्मार, मिरगी, फेफरे, आकडी ही एकाच आजाराची नावे. मेंदूतल्या पेशींमधले विद्युत संदेश अचानक विस्कळीत होतात आणि झटका येतो. ही बाहेरची बाधा नाही, हा आजार स्पर्शाने पसरत नाही. जगात सुमारे 5 कोटी लोकांना तो आहे. योग्य औषधे नियमित मिळाली तर 70 टक्क्यांपर्यंत रुग्णांचे झटके पूर्ण थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आकडीचा प्रत्येक रुग्ण सारखा नसतो. आठवड्याला झटका येणारा आणि तीन वर्षांत एकदाही न आलेला, या दोघांना एकच नियम कसा लावणार?

अपस्मारावर काम करणाऱ्या जागतिक तज्ज्ञ संघटनेने खेळांचे तीन गट केले आहेत. पहिल्या गटात क्रिकेट, फुटबॉल, नाच असे कमी धोक्याचे खेळ. तिसऱ्या गटात कडे चढणे, खोल पाण्यात डुबकी, मोटार शर्यत. सायकल मधल्या गटात आहे. म्हणजे धोका आहे, पण सरसकट बंदी नाही. झटके वर्षभर पूर्ण थांबलेले असतील तर परवानगीचा विचार होऊ शकतो. शेवटचा निर्णय मेंदूविकार तज्ज्ञाचा. व्यायामाने आकडी वाढते, ही भीतीही बहुतेक रुग्णांच्या बाबतीत खरी नाही. झटका बहुतेक वेळा चुकलेल्या गोळीने, अपुऱ्या झोपेने, दारूने किंवा तापाने येतो.

मारिओं क्लिन्ये या सायकलपटूचे उदाहरण बघा. अमेरिकेत राहत असताना ऐन विशीत तिला अपस्माराचे निदान झाले. गाडी चालवणे बंद झाले, म्हणून ती कामावर सायकलने जाऊ लागली. पुढे फ्रान्सकडून खेळून तिने 1996 च्या अटलांटा आणि 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदके मिळवली. आपल्याकडेही वाहन परवान्याच्या अर्जात अपस्माराबद्दल थेट प्रश्न असतो. ज्याला परवाना मिळत नाही, त्याच्यासाठी सायकल हीच स्वतःच्या मर्जीने कुठेतरी जाण्याची सोय आहे. ती काढून घेण्याआधी नीट विचार व्हायला हवा.

मला सायकलपेक्षा जास्त भीती लपवण्याची वाटते. घरातून सांगितलेले असते, "कुणाला बोलू नकोस, उद्या लग्न कोण करील?" या भीतीला इतिहास आहे. 1976 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी आकडी ही लग्नाला आड येणारी बाब ठरवली होती. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. 1999 मध्ये संसदेने तो शब्द काढून टाकला. कायदा बदलून पाव शतक झाले, तरी आपल्या घरांत तो अजून चालूच आहे.

मी एका मुलाला ओळखते. सोबत्यांना त्याने फक्त "मला कधी कधी चक्कर येते" एवढेच सांगितले होते. डोंगरावरच्या पायवाटेवर त्याला झटका आला. घाबरलेल्या पोरांनी त्याच्या तोंडात चावी घातली, एकाने नाकाला चप्पल लावली. पोरगा वाचला, पण दात तुटला आणि तोंड फाटले. आकडी आपोआप थांबली असती. ही इजा अज्ञानाने केली, आणि ते अज्ञान लपवण्यातून आले.

म्हणून विचारणाऱ्यांना मी काही अटी सांगते. पहिली, डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि शेवटचा झटका कधी आला ते खरे सांगा. गोळी नुकतीच बदलली किंवा कमी केली असेल तर सायकल थांबवा. दुसरी, एकट्याने जायचे नाही, आणि सोबतच्या निदान दोघांना आजार माहीत हवा. तिसरी, पहाटे चारला उठायचे असेल तर रात्री नऊला झोपा. झोप झाली नसेल तर त्या दिवशी जाऊ नका. चौथी, हेल्मेट हवेच, आणि खिशात नाव, औषध व घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी. पाचवी, वाट निवडा. मोकळी मातीची वाट आणि दगडांचा तीव्र उतार यांत फार फरक आहे. कड्याची कडा, पावसाळ्यातले ओढे आणि पाम बीच रोडवरची सुसाट वाहने टाळा. झटके चालूच असतील तर सध्या चालणे, मैदानी खेळ किंवा जिममधली एका जागी उभी सायकल बरी.

सोबत्यांनी एवढे पाठ करावे. सायकल आणि दगड बाजूला करा. हेल्मेटचा पट्टा सैल करा, डोक्याखाली मऊ काही ठेवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चावी, चमचा, पाणी काहीही घालू नका. घड्याळ बघा. झटके थांबताच कुशीवर वळवा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालले, लागोपाठ दुसरा झटका आला किंवा डोक्याला, मानेला मार लागला असेल तर 108 ला फोन करा. मान दुखावल्याची शंका असेल तर उगीच हलवू नका, पण श्वासाची वाट मोकळी राहील हे बघा. शुद्धीवर आला तरी त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसवू नका.

हे शिकवायला अर्धा तास लागतो. विहारात, मंडळात रविवारी माणसे जमतातच. 17 नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन असतो. त्याच्या आसपासच्या एका रविवारी जवळच्या डॉक्टरांना किंवा सिस्टरला बोलवा आणि प्रात्यक्षिक करून घ्या. ज्या घरात आकडीचा रुग्ण आहे, त्या घराने त्या दिवशी उठून एवढेच सांगावे, "आमच्याकडे आहे." बाकीच्यांनी त्या पोराला सायकलवर सोबत न्यावे.