केसाने गळा कापू नका!

प्रत्येक ग्रुपमध्ये एक ‘टकलू’ असतो. वय वर्षं वीस-एकवीस. ‘विमानतळ’, ‘चांद’, ‘उजडा चमन’ असे जोक त्याच्यावर रोज होतात. तोही हसतो. मग हळूहळू टोपी घालायला लागतो, ग्रुप फोटोत मागच्या रांगेत सरकतो, गॅदरिंगच्या नाटकातून नाव काढून घेतो. आपल्याला वाटतं, भाई चिल आहे, मनावर घेत नाही. पण मनावर घेतलंय हे दाखवायचीही चोरी असते, कारण मग त्यावर आणखी एक जोक होणार!

जोक संपले की सल्ले सुरू. कांद्याचा रस लाव. हॉस्टेलच्या पाण्याने केस धुऊ नकोस. हेल्मेट घालणं कमी कर. टेन्शन घेऊ नकोस. या सगळ्यांत एक छुपा आरोप असतो: चूक तुझीच आहे.

तर आधी हे क्लिअर करू. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आणि टाळूवरून ठरावीक पद्धतीने केस विरळ होत जातात, त्याला पॅटर्न हेअर लॉस म्हणतात. शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं हार्मोन तयार होतं. काहींच्या केसांची मुळं जन्मतःच या हार्मोनला जास्त संवेदनशील असतात. ती आक्रसत जातात. जाड केसाच्या जागी बारीक केस येतो, मग नुसती लव. वयात आल्यानंतर हे कधीही सुरू होऊ शकतं. हेल्मेट किंवा शाम्पूमुळे ते होत नाही. ‘मामाला टक्कल म्हणजे भाच्याला टक्कल’ हेही अर्धसत्यच. आईकडून येणाऱ्या एक्स क्रोमोसोमवरचं एक जनुक महत्त्वाचं आहे हे खरं, पण बाकीची अनेक जनुकं आई आणि बाबा दोघांकडूनही येतात.

मुलींनाही हे होतं. त्यांचा भांग रुंदावत जातो, आरशात टाळू दिसायला लागते. मुलाला निदान चिडवतात तरी, मुलीबद्दल तर कुणी बोलतच नाही. थेट लग्नाची काळजी सुरू होते. खरं तर तिला आधी रक्तातलं लोह, थायरॉइड आणि पीसीओएसची तपासणी हवी असते.

आणि गळणारा प्रत्येक केस म्हणजे टक्कल नव्हे. रोज पन्नास ते शंभर केस जाणं नॉर्मल आहे. डेंग्यू, टायफॉइड किंवा क्रॅश डाएटनंतर दोन-तीन महिन्यांनी केस भसाभस गळतात, पण ते बहुतेक वेळा परत येतात. गोल चकत्यांमध्ये केस जातात ती चाई, तो आजारच वेगळा.

एवढं साधं असताना लाज कुठून येते? टक्कल म्हणजे म्हातारपण, हे आपण पडद्यावरूनही शिकलोय. अठ्ठावीस वर्षांचे अनुपम खेर ‘सारांश’मध्ये निवृत्त म्हातारा म्हणून सहज खपून गेले. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये ‘उजडा चमन’ आणि ‘बाला’ पाठोपाठ आले. दोन्हींचं म्हणणं एकच, स्वतःला आहे तसं स्वीकारा. आपण त्यातून काय उचललं? तर चिडवायला आयतं नाव.

माझा आक्षेप इथेच आहे. हा जोक फुकट नसतो. त्याचं बिल तो मित्र भरतो. घाबरलेला माणूस हे सगळ्यात सोपं गिऱ्हाईक. मग रात्री दोन वाजता रील बघून तेल, सिरम, गमीज मागवले जातात, स्वस्तातल्या ट्रान्सप्लांटची चौकशी होते. २०१६ मध्ये चेन्नईत एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या २२ वर्षांच्या मुलाचा हेअर ट्रान्सप्लांटनंतर मृत्यू झाला. त्या सेंटरकडे परवाना होता तो सलूनचा. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलालाही ही घाई आवरली नाही, तर बाकीच्यांचं काय? नॅशनल मेडिकल कमिशनला २०२२ मध्ये सांगावं लागलं, की यूट्यूबवर किंवा वर्कशॉपमध्ये बघून कुणी ट्रान्सप्लांट शिकत नसतं.

उपाय नाहीत असं नाही. मिनॉक्सिडिल हे मुळात ब्लड प्रेशरचं औषध. त्याने केस वाढतात हा साइड इफेक्ट होता, तोच पुढे उपयोगी पडला. फिनास्टेराइड डीएचटी कमी करतं. पण फरक दिसायला महिने लागतात, औषध बंद केलं की फायदा ओसरतो आणि दुष्परिणामही होऊ शकतात. म्हणून रूममेटची बाटली उचलून लावायची नाही. स्किनच्या डॉक्टरांकडे जायचं आणि लवकर जायचं, कारण आहेत ते केस टिकवणं हे गेलेले परत आणण्यापेक्षा सोपं असतं. सरकारी हॉस्पिटलमध्येही स्किनची ओपीडी असते.

आणि कुणाला काहीच करायचं नसेल, सरळ मशीन फिरवून मोकळं व्हायचं असेल, तर तेही मस्त. औषध घेणारा ‘इनसिक्युअर’ नाही आणि न घेणारा ‘बिचारा’ नाही. ‘कॉन्फिडन्स असला की केसांची काय गरज’ हे ज्ञान दाट केसवाल्यांनी तर अजिबात देऊ नये. डोकं त्याचं, निर्णयही त्याचा.

आपल्याकडे केसाने गळा कापणं म्हणतात, म्हणजे गोड बोलून विश्वासघात करणं. दोस्तीतले हे जोक त्याच जातीचे आहेत. उद्या कट्ट्यावर कुणी पुन्हा ‘विमानतळ’ म्हणाला, तर फक्त एक करा. हसू नका. जोक आपोआप पडेल.