पांढरीवर काय पाहायचे?

आमच्या मराठी विभागाच्या अभ्याससहलीचा विषय दर वर्षी निघतो आणि बहुधा हंपीपाशी येऊन थांबतो. प्राचीन नगराचे अवशेष पाहायचे म्हणजे हंपी, हे जणू ठरूनच गेले आहे. या खेपेस मी तेरचे नाव सुचवले. बैठकीत क्षणभर शांतता पसरली. मग एम. ए.च्या वर्गातील एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, तेर माझं आजोळच आहे. तिथं बघायला काय आहे? नुसती पांढरी!"

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले सविस्तर उत्तर आहे.

हंपीला जाऊ नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. १५६५च्या पराभवानंतर उद्ध्वस्त झालेल्या विजयनगरची मंदिरे, मंडप आणि बाजारपेठा आजही पाहणाऱ्याला थक्क करतात. पण थक्क झालेला विद्यार्थी प्रश्न विचारत नाही. तो छायाचित्रे काढतो. साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र तुटक खुणांवरून अर्थ लावण्याची सवय हवी. ती सवय तेरला लागू शकते.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख येतो. येथील साधे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई. पुढे कित्येक शतकांनी कोकणात राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरुद अभिमानाने मिरवीत. नगराचे वैभव ओसरल्यावरही त्याच्या नावाचे वजन टिकून होते.

आता त्या 'नुसत्या पांढरी'विषयी. आपल्या भाषेत काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. चुलींची राख, शेण, कोसळलेल्या मातीच्या भिंती यांचे थर पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात आणि तेथली माती पांढुरकी होते. वस्ती उठून गेली तरी ही माती साक्षीला उरते. पुरातत्त्वज्ञ शोधतात ती टेकाडे हीच. तेव्हा 'काही नाही' हे सांगण्यासाठी त्या मुलीने जो शब्द वापरला, त्यातच पाहण्यासारखे सारे काही आले होते.

मी राहतो त्या रहाटणीत काळीची पांढरी होताना एका पिढीने पाहिली. पवनेकाठची शेते गेली, इमारती आल्या. त्या इमारतींत आणि आसपासच्या चाळींत धाराशिव, लातूर, बीडकडून भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कामाला आलेली कुटुंबे राहतात. त्यांची मुले आमच्या वर्गात बसतात. गाव म्हणजे दुष्काळ आणि सोडून आलेले घर, एवढेच त्यांच्या कानांवर पडलेले असते. वैभव नेहमी दुसऱ्याच्या मुलखात असते, ही त्यांची समजूत दूर करण्यासाठी आम्ही शिक्षकांनी काय केले? खेदाने म्हणावे लागते, फारसे काही नाही.

म्हणून सहलीची आखणी वेगळी हवी. अंतर अडीचशे किलोमीटरांच्या वर असल्याने एक मुक्काम धरावा, आणि संग्रहालयांच्या सुट्टीचा सोमवार टाळावा. निघण्यापूर्वी पंधरा दिवस वाचन व्हावे. तेथे गेल्यावर प्रथम रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय पाहावे. तेरला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि १९३८ साली इटलीतील पॉम्पेई येथे सापडलेली मूर्ती यांतील साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. त्यानंतर विटांचे त्रिविक्रम मंदिर पाहावे. मुळातले चैत्यगृह पुढे वैष्णव मंदिर झाले. एकाच वास्तूची दोन वाचने तेथे समोर दिसतात. गोरोबाकाकांच्या समाधीपाशी त्यांचे अभंग वाचावेत. खापरांनी भरलेल्या या गावातच एक कुंभार संतकवी व्हावा, हा योग मला फार बोलका वाटतो.

पांढरीवर जायचे ते सर्वांत शेवटी, आणि एक नियम पाळून: खापराचा तुकडाही खिशात घालायचा नाही. वाक्यातून उपटलेल्या शब्दाचा अर्थ जसा निसटतो, तसाच थरातून उचललेल्या खापराचाही.

विभागाचा निर्णय अद्याप व्हायचा आहे. बहुमत हंपीकडेच झुकेल, असा माझा अंदाज आहे. मात्र परवा ती विद्यार्थिनी मुद्दाम भेटायला आली. आजीशी फोनवर बोलताना विषय निघाला होता. पाऊस पडून गेला की आजीला लहानपणी तेथे मणी सापडायचे, ती ते ओवून गळ्यात घालायची. "सर, ते किती जुने असतील?" तिने विचारले.

मला सांगता आले नाही. पण 'तिथं बघायला काय आहे?' हा तिचा पहिला प्रश्न तिने स्वतःच मागे घेतला होता.