आधी चेन, मग चैन!

मैत्रिणींनो, मिक्सरचं भांडं गळायला लागलं म्हणून आपण अख्खा मिक्सर भंगारात देतो का? नाही ना? वॉशर बदलतो आणि कामाला लागतो. पण मुलांच्या सायकलीपाशी आपला हा हिशेब कुठे जातो कोण जाणे! माझा चुकला, म्हणून आज हे लिहिते आहे.

चार वर्षांपूर्वी लेकीला वाकड्या हँडलची, मागे 8 चक्रं असलेली साधी रोड बाइक घेतली. अधूनमधून तेल घातलं की झालं, असा आमचा समज. शेवटी चेन फारच खडखडू लागली तेव्हा दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, "ताई, मागची कॅसेटही बदला." म्हणजे ती दातेरी चक्रं. मला वाटलं, बिल वाढवतोय! मी नुसती चेन घालून घेतली. पुढच्याच रविवारी सिंहगडाच्या घाटात लेकीने चढावर जोर लावला आणि चेन दात्यांवरून सटकली. गुडघा फुटला, मनगट मुरगळलं. मागून गाडी येत नव्हती, एवढंच नशीब.

त्याचं खरं होतं. चेनच्या सांध्यांतल्या पिना झिजतात आणि चेन लांबते. लांबलेली चेन दातेही झिजवते. मग त्या दात्यांवर नवी चेन नीट बसत नाही.

तेव्हा दर महिन्याला माप घ्या. शिवणाची टेप नको, ती ताणते. फुटापेक्षा लांब अशी स्टीलची पट्टी घ्या. शाळेची 30 सेंटिमीटरची पुरत नाही. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. बरोबर 12 इंचांवर दुसऱ्या पिनेचा मध्य यायला हवा. तो 1/16 इंच, म्हणजे दीड मिलिमीटर, पुढे गेला की चेन बदला. 1/8 इंच गेला तर बहुधा कॅसेटही गेलीच समजा. चेन वेळेवर बदलली तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन सहज निघतात.

चेन जुन्या सुती कपड्याने पुसा, प्रत्येक सांध्यावर सायकलच्या तेलाचा एकेक थेंब सोडा आणि वरचं तेल पुसून काढा. नाहीतर धूळ चिकटते. खोबरेल मात्र नको हं, थंडीत थिजतं.

ब्रेकच्या रबरावरच्या खाचा नाहीशा झाल्या, टायरमधून दोरे दिसू लागले किंवा ब्रेकच्या वायरचा एखादा पदर तुटला, तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. तिथे काटकसर नको.

आता चैनीचं. मुलं म्हणतात, "आई, 10 गिअरचा सेट टाकूया." पण 8 ची कॅसेट काढून 10 ची घातली की भागत नाही. हँडलवरचे गिअरचे खटके, चेन, बहुधा डिरेलरही बदलावे लागतात. त्यापेक्षा जे झिजेल, तेच एक पायरी वरचं घ्या. टायर संपले की जरा उंची टायर. फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली जागा असेल तर 25 ऐवजी 28 मिलिमीटर रुंदीचे. खड्ड्यांचे हादरे कमी बसतात. ब्रेकची रबरंही चांगल्यातली घ्या. एवढ्यानेच सायकल नवी वाटते.

मग या रविवारी वरणाचा कुकर होईपर्यंत एवढं माप घेऊनच टाका. बरं का!