सावकाराची केस पुन्हा घालता येते का?

‘केस गेली तर गेली, पुन्हा घालू,’ असं खंडाळ्याकडच्या वाड्यांवर आम्ही सारखं ऐकतो. तसं नाय. 1908 च्या दिवाणी कायद्याचं कलम 11 सांगतं, त्याच माणसांत त्याच गोष्टीवर निकाल लागला की दुसरा दावा चालत नाही. पहिल्या वेळी मांडायचा मुद्दा राहिला, तरी तो मांडला होता असंच धरतात.

हे आम्हाला पटतं. हरलेल्या सावकारानंही आपल्याला पुन्हा ओढू नये. पण निकाल न लागताच दार बंद होतं, ते पटत नाही. तारखेला सावकार हजर, आपण नाही, की दावा काढून टाकतात. त्यावर नवा घालता येत नाही. आपला माणूस त्या दिवशी कुठं असतो? वीटभट्टीवर, उचल फेडायला! तीस दिवसांत कारण दाखवून तोच दावा पुन्हा उघडायला अर्ज करता येतो, पण हे वाडीवर येऊन सांगतो कोण?

दुसरा डाव गोडीगुलाबीचा. ‘मिटवून टाकू, अंगठा दे.’ कोर्टाची परवानगी न घेता दावा मागं घेतला, की तोही संपला.

सातारा जिल्ह्याला 1879 सालीच शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा लागू झाला, 1946 ला सावकारी कायदा आला. हिशेब मागायचा हक्क आहे. मग पहिल्याच दाव्यात सगळं लिहा: मुद्दल, फेडलेले पैसे, व्याजापोटी फुकट राबलेले दिवस, गहाण पडलेलं रान. आणि तारखेला जाणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी वाडीनं वर्गणी काढून द्यावी.